दख्खनच्या माशांचा नोंदकर्ता

नगर जिल्ह्याच्या उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस भीमा. या दोन खोऱ्यांतील जलसृष्टीचा अभ्यास करणाऱ्याला आजही एका लष्करी अधिकाऱ्याच्या यादीपाशी यावे लागते. तो अधिकारी म्हणजे कर्नल विल्यम हेन्री सायक्स.

१७९० मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले सायक्स किशोरवयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. मराठी व हिंदुस्तानी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. पुढे १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर दख्खनच्या पाहणीचे काम सोपवले. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड या प्रांतांतील लोकसंख्या, पिके, पाऊस, पशुपक्षी असे सारे त्यांनी नोंदवले. १८२९ च्या अखेरीस सरकारने हे पद रद्द केले. तरीही सायक्स यांनी १८३१ पर्यंत स्वेच्छेने काम तडीस नेले.

१८३९ मध्ये त्यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४६ जातींचे वर्णन होते. त्यांचे वेगळेपण असे, की अनेक नव्या जातींना त्यांनी स्थानिक नावेच बहाल केली. शिंगाळा, कोळस, नुक्ता ही नावे अशा रीतीने जागतिक शास्त्रात रुजली. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले. १८७२ मध्ये त्यांचे निधन झाले.

मात्र या यादीत एक पान कोरेच राहिले. माशांच्या पिलांचे अन्न असलेल्या सूक्ष्म तरंगत्या जीवांची नोंद त्यात नाही. त्यांना ‘प्लवक’ म्हणजेच ‘प्लँक्टन’ हे नाव मिळाले तेच १८८७ मध्ये. सांडपाणी आणि खतांतून नत्र व स्फुरद पाण्यात मिसळले, की निळे-हिरवे शेवाळ माजते. इतर नाजूक वनस्पतीप्लवक मागे पडतात, त्यांवर जगणारे प्राणीप्लवक घटतात आणि पिलांची उपासमार होते. धरणांनी प्रवाह अडवला, की हा बदल अधिकच वेग घेतो.

सायक्स यांचा नुक्ता आज संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. काय गमावले, हे निदान माशांबाबत त्यांच्यामुळे सांगता येते. प्लवकांबाबत तशी जुनी नोंदवही नाही. म्हणूनच मुळा, प्रवरा आणि सीनेच्या पाण्याची आजची नियमित तपासणी ही पुढच्या पिढ्यांसाठी तितकीच मोलाची ठरणार आहे.