जॉर्ज शायरस तिसरे

जॉर्ज शायरस तिसरे (१ जानेवारी, १८५९ – २४ मार्च, १९४२) हे अमेरिकन वकील, राजकारणी आणि वन्यजीव छायाचित्रकार होते. रात्री कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेण्याच्या तंत्राचे ते प्रवर्तक मानले जातात.

जीवन

शायरस यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलेगेनी येथे झाला. त्यांचे वडील पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. कॉर्नेल व येल येथे शिक्षण घेऊन शायरस यांनी वकिली केली. १९०३ ते १९०५ या काळात ते प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यांऐवजी संघीय सरकारने घ्यावी, असे विधेयक त्यांनी १९०४ मध्ये मांडले. ते संमत झाले नाही. तथापि १९१३ व १९१८ च्या पक्षिसंरक्षण कायद्यांची मूळ कल्पना त्यातच होती.

बंदुकीऐवजी कॅमेरा

शायरस यांना शिकारीचा छंद लहानपणापासून होता. त्यासाठी ते मिशिगनमध्ये सुपिरियर सरोवराच्या परिसरात जात. तेथील ओजिब्वे लोक होडीच्या पुढच्या टोकावर जाळ पेटवून, वल्ह्यांचा आवाज न करता, काठाकाठाने शिकार शोधीत. पाणवनस्पती खाण्यास उथळ पाण्यात उतरलेले हरीण त्या उजेडाकडे टक लावून जागीच थबके. जाळामागचा माणूस त्याला दिसत नसे. त्याचे चमकणारे डोळे मात्र शिकाऱ्याला नेमके दिसत. शायरस यांनी ही रीत जवळपास जशीच्या तशी उचलली. जाळाच्या जागी दिवा आला, बंदुकीच्या जागी कॅमेरा, आणि ऐन क्षणी मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवला जाई.

त्यांच्या दुसऱ्या पद्धतीत छायाचित्रकार जागेवर नसेच. प्राण्याचा धक्का ताणलेल्या दोरीला लागला की भडका उडे आणि चित्र टिपले जाई. आजच्या कॅमेरा ट्रॅपचे हे पूर्वरूप होय. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाघांची छायाचित्रे अशाच तत्त्वावर घेतली.

छायाचित्रांचा अर्थ

काळ्याभोर पाण्यात प्रतिबिंबासह उभे असलेले हरीण, किंवा १९०२ मध्ये कॅनडातील लून सरोवराच्या काठी टिपलेला लिंक्स, पाहताना निसर्ग माणसाच्या नकळत जसा असतो तसा दिसल्याचा भास होतो. वस्तुतः हरणाची ही निश्चलता शांततेची नाही; शिकाऱ्याला नेम धरू देणारीच ती आहे. काही वेळा पहिल्या भडक्याने बिथरलेल्या हरणाची झेप टिपण्यासाठी दुसरा भडका उडवला जाई. अशा चित्रांत तर माणूस चौकटीबाहेर असूनही स्पष्ट जाणवतो. शायरस स्वतः या कामाला शिकारच म्हणत. त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातही तो शब्द आहे. मात्र या शिकारीनंतर प्राणी जिवंत जंगलात परततो, हा फरक लहान नव्हे. पक्ष्यांसाठी कायदा मागणारा लोकप्रतिनिधी आणि होडीतला हा शिकारी एकच होते, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांची छायाचित्रे नीट वाचता येत नाहीत.

प्रसिद्धी

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ही छायाचित्रे गौरविली गेली. जुलै १९०६ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने त्यांची ७४ छायाचित्रे छापली. शास्त्रीय नियतकालिकाचे चित्रांचे पुस्तक होत असल्याच्या नाराजीने संस्थेच्या दोन संचालकांनी राजीनामे दिले. वाचकांना मात्र हा अंक अतिशय आवडला. १९२८ मध्ये शायरस यांनी सुमारे २,४०० काचेच्या निगेटिव्ह त्याच संस्थेला दिल्या. १९३५ मध्ये त्यांचा द्विखंडी ग्रंथ निघाला. मिशिगनमधील मार्क्वेट येथे त्यांचे निधन झाले. रॉकी पर्वतातील मूसच्या एका उपप्रजातीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.