दहा पौंडांच्या नोटेवरची ‘मा’

स्कॉटलंडमधल्या बँका आपापल्या नोटा छापतात, हे इथे नोकरीला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ऑफिसमधल्या एका वयस्कर सहकाऱ्याने एकदा आठवण म्हणून जपून ठेवलेली क्लाइड्सडेल बँकेची दहा पौंडांची जुनी नोट दाखवली. त्या नोटेवर एका साध्याशा बाईचा चेहरा होता. ही मेरी स्लेसर, आमच्या डंडीच्या गिरणीत काम करणारी पोर, असं तो अभिमानाने म्हणाला. गिरणीतली पोर नोटेवर कशी पोचली, या कुतूहलापोटी मी तिच्याबद्दल वाचत गेलो.

मेरीचा जन्म 2 डिसेंबर 1848 चा, ॲबर्डीनचा. वडील चांभारकाम करायचे, पण दारूच्या पायी घर धुळीला मिळालं. कामाच्या शोधात कुटुंब डंडीला आलं. आई विणकर. अकराव्या वर्षी मेरीही गिरणीत लागली, अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा. अशा मुलांना तेव्हा ‘हाफ टायमर’ म्हणत. चौदाव्या वर्षी ती पूर्णवेळ कामगार झाली, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. मागावर पुस्तक उघडं ठेवून ती जमेल तसं वाचायची. शिक्षणाची किंमत तिला कुणी सांगायची गरजच नव्हती.

आई कट्टर देवभक्त. घरात आफ्रिकेतल्या मिशनच्या गोष्टी निघायच्या. 1873 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले आणि त्या बातमीने मेरीचा निश्चय पक्का झाला. तिने मिशनकडे अर्ज केला आणि ऑगस्ट 1876 मध्ये ‘इथिओपिया’ नावाच्या बोटीने ती आजच्या नायजेरियातल्या कॅलाबारला निघाली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

तिकडे पोचल्यावर तिने आधी एफिक भाषा शिकून घेतली. हळूहळू बूट सुटले, केस आखूड झाले, जेवण तिथल्या लोकांसारखं झालं. हे केवळ हौसेपोटी नव्हतं. पगाराचा बराचसा भाग घरी आईला पाठवायचा असल्यामुळे स्वस्तात राहणं भाग होतं. परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या भागात जुळी मुलं अभद्र मानली जात. दोघांपैकी एक सैतानाचं, पण कुठलं ते ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही बाळांना मडक्यात घालून रानात टाकायचं आणि आईला गावाबाहेर काढायचं. 1878 मध्ये एफिक प्रमुखांनी इंग्रज वकिलातीशी करार करून या प्रथेवर बंदी घातली खरी, पण कागदावरची बंदी आतल्या गावांपर्यंत पोचायला वेळ लागतो. मेरी अशी टाकलेली मुलं उचलून घरी आणू लागली. त्यांतल्या एका मुलीला तिने आपल्या बहिणीचं नाव दिलं, जेनी. ही जेनी शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिली. 1898 मध्ये मेरी सुटीवर स्कॉटलंडला आली, तेव्हा जेनीसकट चार मुली सोबत घेऊनच आली.

आई आणि बहीण गेल्यावर, 1888 मध्ये, ती आत जंगलातल्या ओकोयाँग प्रदेशात एकटी राहायला गेली. तिथे एकेंगे गावाच्या प्रमुखाची विधवा बहीण, मा एमे, तिची मैत्रीण झाली. गावात कुणाच्या जिवावर बेतणार असं दिसलं की ही बाई गुपचूप औषधाची बाटली भरून द्या म्हणून निरोप धाडायची. बाटली आली की मेरीने समजायचं, तयारीत राहा. मेरीच्या धाडसाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. पण ही बाटली पाठवणारी बाई नसती, तर त्यांतल्या किती घडल्या असत्या? उघडं पडलं असतं तर मा एमेला त्याच गावात राहायचं होतं.

गावाची पंचायत तासन्‌तास चाले आणि मेरी विणकाम करत मधे बसून राही. लोक तिला आदराने ‘मा’ म्हणत. 1892 मध्ये इंग्रज सरकारने तिला तिथली उपवकील नेमलं आणि न्यायनिवाडाही तिच्याकडे आला. ही बाजूही सांगायला हवी. ती आली धर्माच्या वाटेने, पण सत्तेची खुर्चीही तिने घेतली. पुढे 1901-02 मध्ये इंग्रज फौजेने अरो लोकांचा प्रदेश जिंकला आणि त्यानंतर उघडलेल्या वाटेनेच तिचं काम आणखी आत गेलं. साम्राज्य आणि मिशन हे एकाच रस्त्याने चालत होते, हे नाकारून चालणार नाही.

याच काळात चार्ल्स मॉरिसन या तरुण मिशनरी शिक्षकाशी तिचं लग्न ठरलं होतं. त्याची तब्येत ओकोयाँगला झेपणारी नव्हती, म्हणून मिशनने परवानगी नाकारली. मुलांना सोडून ती बाहेर यायला तयार नव्हती. लग्न मोडलं.

ओकोयाँगला पंधरा वर्षं राहूनही ख्रिस्ती झालेल्यांची संख्या फार छोटी होती. त्या हिशेबाने पाहिलं तर ती अपयशीच म्हणायची. पण शाळांचं तसं नव्हतं. मुलांना अक्षराबरोबर हातात कसबही हवं, असा आग्रह तिने मिशनकडे धरला होता. गिरणीतली पोर दुसरं काय म्हणणार! 1895 मध्ये कॅलाबारला होप वॉडेल संस्था सुरू झाली, त्यामागे हाही एक रेटा होता. नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष नाम्दी अझिकिवे पुढे याच संस्थेत शिकले. नंतर इटूच्या बाजूला गावंच्या गावं आपल्या हाताने शाळेची खोपी उभारत आणि शिक्षक द्या म्हणून तिच्याकडे येत. पुरेसे शिक्षक नसत. मग थोडंफार लिहा-वाचायला शिकलेली तिथलीच पोरं मास्तर होत.

मलेरियाने शरीर पोखरलेलं होतं. 13 जानेवारी 1915 ला यूसे इथल्या तिच्या घरात ती गेली, सहासष्टाव्या वर्षी. कॅलाबारला तिची कबर आहे.

आपल्यापैकी बरेच जण दरमहा कुठल्या ना कुठल्या अनाथाश्रमाला, गावच्या शाळेला पैसे पाठवतात. मीही मोबाइलवरून पाठवतो, दोन मिनिटांचं काम. ते थांबवू नये. पण त्या पैशाच्या दुसऱ्या टोकाला रात्री पोर तापाने फणफणलं तर उशाशी बसणारं कुणीतरी लागतं. पुढच्या वेळी सुटीत घरी जाईन, तेव्हा त्या आश्रमातल्या बाईंना एकदा भेटून यायचं ठरवलंय. इतकी वर्षं मी त्यांचं नावसुद्धा विचारलेलं नाही.