अफानासी निकितीन : जुन्नरास अडकलेला रशियन व्यापारी

जुन्नरचे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. ज्या शिवनेरीवर इ.स. १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला, तिच्या पायथ्याचे ते गाव. त्या जन्माच्या सुमारे दीडशे वर्षे आधी एक ख्रिस्ती मनुष्य भर पावसाळ्यात त्याच गावी अडकून पडला होता. त्याच्या धर्माचा दुसरा माणूस शेकडो कोसांत नव्हता. आणि चार दिवसांच्या आत धर्म सोड, नाही तर घोडा गमाव व वर हजार मोहरा भर, असा तेथील अधिकाऱ्याचा त्यास हुकूम झाला होता. त्याचे नाव अफानासी निकितीन. रशिया देशात शाळेत जाणाऱ्या मुलांसही त्याची हकीगत ठाऊक असते. आमच्या गावोगावच्या मंडळ्यांस मात्र ती बहुधा माहीत नाही. म्हणून ती येथे थोडक्यात देत आहो.

अफानासी हा व्होल्गा नदीवरील त्वेर शहरचा व्यापारी. इ.स. १४६८ च्या सुमारास तेथील बिशपाचा आशीर्वाद घेऊन व माल नावेत भरून तो नदीने खाली निघाला. हिंदुस्थानास जाण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता. कास्पियन समुद्राच्या काठी शिरवान म्हणून प्रांत आहे, तेथे माल विकावा व घरी परतावे, एवढाच बेत होता. परंतु आस्त्रखानपाशी तातार लोकांनी नावा गाठल्या व लूट केली. त्यात अफानासीचा सर्व माल गेला, आणि मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकेही गेली. पुढे समुद्रात तुफान होऊन सोबतची एक नाव किनाऱ्यास आपटली व तीवरील माणसे कैद झाली. ती सुटावी म्हणून या व्यापाऱ्यांनी शिरवानच्या राजाकडे खटपट केली, व ती सुटली. पण स्वदेशी परतण्यास खर्ची द्यावी ही त्यांची विनंती त्या राजाने मान्य केली नाही. तेव्हा सर्वजण रडून एकमेकांपासून वेगळे झाले. ज्यांचे घरी काही होते ते घरी गेले. ज्यांच्या डोक्यावर देणे होते ते वाट फुटेल तिकडे गेले. अफानासी घरी गेला नाही.

बाकूहून समुद्र ओलांडून तो इराणात उतरला आणि गावोगाव मुक्काम करीत, काही ठिकाणी महिनाभर राहून, अखेर होर्मुझ बंदरास पोहोचला. तेथे त्यास एक गोष्ट कळली. हिंदुस्थानात घोड्यांची पैदास होत नाही. ते इराण व अरबस्तानातून गलबतांनी जातात व तिकडे त्यांस मोठी किंमत येते. तेव्हा हाती उरलेले द्रव्य घालून त्याने एक उमदा घोडा मिळविला. पुढे त्याने लिहून ठेविले आहे की हा घोडा त्यास शंभर रुबलांस पडला. त्याचे सगळे भांडवल म्हणजे तो एक घोडा. ईस्टर सण आटोपल्यावर तो घोड्यासह गलबतात चढला आणि मस्कत, गुजराथ, खंबायत करीत सहा आठवड्यांनी कोकणात चौल बंदरी उतरला. वास्को द गामा इ.स. १४९८ मध्ये कालिकतास उतरला, त्याच्या पंचवीसहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट होय.

चौलास तो जिकडे जाई तिकडे माणसे त्याच्या मागे लागत, कारण गोरा मनुष्य त्यांनी पाहिला नव्हता. त्यासही या लोकांचे तितकेच नवल वाटले. उघडी डोकी, उघडे अंग, पाठीवर केसांची एक वेणी, हे सर्व त्याने टिपून ठेविले. तेथून पालीच्या वाटेने घाट चढून सुमारे तीन आठवड्यांनी तो जुन्नरास पोहोचला, तोच पाऊस सुरू झाला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे त्याने लिहिले आहे. मात्र याच दिवसांत लोक नांगरणी करितात व तांदूळ, गहू, हरभरा पेरितात, हे पाहून त्यास आश्चर्य वाटले. त्याच्या देशी तर पिकाचे दिवस म्हणजे ऊन, आणि घरात बसावयाचे दिवस म्हणजे हिवाळा. म्हणून आपल्या पावसाळ्यास तो हिवाळाच म्हणतो. घोड्यांस येथे हरभरा घालितात आणि साखर व तूप घालून खिचडी शिजवून चारितात, हेही त्याने लिहिले आहे, व खिचडी हा आपला शब्द जवळजवळ जसाच्या तसा ठेविला आहे. शहर खडकावर असून वर जाण्याची वाट एका वेळी एकच माणूस जाईल इतकी अरुंद, असे त्याचे वर्णन आहे. हे शहरापेक्षा किल्ल्यास अधिक लागू पडते, हे ती चढण चढलेल्यांस सांगणे नलगे.

हा मुलूख तेव्हा बेदरच्या बहामनी सुलतानाचा. सुलतान वीस वर्षांचा तरुण. खरा कारभार वजीर महमूद गावान याच्या हाती. त्याचा ताबेदार असदखान हा जुन्नरास असे. परमुलखात अफानासी खोजा यूसुफ खोरासानी या नावाने ओळखला जाई. पण हा मुसलमान नव्हे, रशियन ख्रिस्ती आहे, हे असदखानास कळले, आणि त्याने घोडा काढून घेतला. आमच्या धर्मात येशील तर घोडा परत देईन व हजार मोहरा वर देईन. न येशील तर घोडा जाईल आणि हजार मोहरा तुजकडून घेईन, अशी त्याची अट होती. मुदत चार दिवसांची.

आता वाचकांनी या माणसाची स्थिती मनात आणावी. जवळ होते नव्हते ते एका जनावरात, बाहेर मुसळधार पाऊस, भाषा परकी, आणि सल्ला विचारावयास एकही भाऊबंद नाही. नकार दिला तर भिकारी व्हावयाचे. होकार दिला तर श्रीमंत व्हावयाचे, आणि त्याने काय केले हे त्वेर शहरी कधी कोणास कळलेही नसते. तो ऑगस्ट महिन्याचा काळ होता. त्याच्या मंडळीत त्या दिवसांत पंधरा दिवसांचा उपवास असतो. अफानासीने होकार दिला नाही. तो प्रार्थना करीत राहिला.

मुदत संपण्याच्या सुमारास खोजा महंमद नावाचा एक खोरासानी गृहस्थ जुन्नरास आला. अफानासीने त्याच्या पाया पडून आपली हकीगत सांगितली. तो घोड्यावर बसून खानाकडे गेला, रदबदली केली, माणसास सोडविले, आणि घोडाही परत आणून दिला. ज्याने त्यास धर्म सोडावयास सांगितले तो मुसलमान, आणि ज्याने त्याचा धर्म राखू दिला तोही मुसलमानच. अफानासीने दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. आम्हीही त्या दोन्ही सांगितल्या पाहिजेत. पुढे आपल्या देशबंधूंस त्याने कळविले की ज्यास हिंदुस्थानात व्यापारास जाणे असेल त्याने आपला धर्म घरी ठेवून जावे. या कडू बोलण्यात त्या चार दिवसांचा ताप दिसतो.

जुन्नराहून तो महिनाभर चालून बेदरास गेला. सुलतानाच्या वाड्यास सात दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजावर शंभर पहारेकरी व शंभर लिहिणारे, कोण आत गेला व कोण बाहेर आला हे टिपीत बसलेले! सरदार रुप्याच्या पालख्यांतून फिरतात, पुढे सोन्याच्या साजाचे घोडे चालतात, आणि खेड्यातील माणूस मात्र अतिशय दरिद्री, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. घोडा तेथे नाताळच्या सुमारास विकला गेला. परंतु वर्षभराचा दाणावैरणीचा खर्च वजा जाता त्यात फारसे उरले नसावे. कारण या देशात आपल्या देशाजोगता माल नाही व आपणास लोकांनी फसविले, अशी तक्रार त्याने केली आहे.

बेदरास त्याची हिंदू लोकांशी ओळख झाली. आपण मुसलमान नव्हे, ख्रिस्ती आहो, आपले नाव अफानासी, असे त्याने त्यांस उघड सांगितले. तेव्हापासून ते त्याजपासून आपले जेवणखाण, व्यापार, पूजा-प्रार्थना, बायकामुले काहीच लपवीनात. या देशात चौऱ्याऐंशी पंथ असून एक दुसऱ्याबरोबर जेवीत नाही, हे त्याने लिहून ठेविले. ते ज्यास आपले यरुशलेम म्हणत, त्या श्रीशैल पर्वतावर शिवरात्रीच्या यात्रेसही तो त्यांजबरोबर गेला व सर्व पाहून आला.

परंतु खरी कसोटी जुन्नरास झाली की बेदरास, याचा आम्हांस निर्णय करवत नाही. जुन्नरास शत्रू समोर होता. बेदरास दिवसामागून दिवस जात होते, एवढेच. पुस्तके लुटीत गेल्यामुळे सणांचे कोष्टक त्याजवळ नव्हते. ईस्टर कधी, नाताळ कधी, एवढेच काय पण उपवासाचे बुधवार व शुक्रवार कोणते, हेही त्यास कळेनासे झाले. मुसलमानांच्या सणाच्या नऊ-दहा दिवस आधी आपला ईस्टर येतो, असा त्याने अदमास बांधिला. तोही चांद्रमासामुळे दर वर्षी चुकणारा. मग तो आकाशाकडे पाही. कृत्तिका पहाटेच्या उजेडात शिरल्या आणि सप्तर्षींचे तोंड पूर्वेकडे झाले, एवढ्या खुणेवर एका वर्षी त्याने प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस धरिला. मुसलमान रोजे धरीत त्या महिन्यात तोही उपवास करी. मांस नाही, तूप नाही, दोन वेळ भाकर व पाणी.

अशा दिवसांत मलिक नावाच्या एका मुसलमानाने त्यास धर्मांतराविषयी पुष्कळ आग्रह केला. अफानासीने उत्तर दिले की तुम्ही नमाज पढता, मीही प्रार्थना करितो; तुम्ही पाच वेळा, मी तीन वेळा; मी परदेशी, तुम्ही इथले. त्यावर मलिक म्हणाला की तू मुसलमान दिसत नाहीस हे खरे, पण ख्रिस्ती धर्मही तुला ठाऊक नाही. या एका बोलाने अफानासी हादरून गेला. खानाच्या हजार मोहरांनी जे झाले नव्हते ते याने झाले. आपण खऱ्या वाटेवरून चुकलो, पुढची वाट आपणास माहीत नाही, आता जावे कोठे, असा त्याने स्वतःशी विलाप केला आणि देवाने आपणापासून तोंड फिरवू नये म्हणून अश्रूंनी प्रार्थना केली. परमुलखात चार ईस्टर सण गेले, तरी ख्रिस्ती धर्म आपण सोडिला नाही, पुढचे देव जाणे, असे त्याने लिहिले.

ज्या गावी ख्रिस्ती असे एकच घर आहे, तेथल्या माणसास हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

त्याच्या वहीत काही वाक्ये अशी आहेत की ती वाचून आमचे काही वाचक अडखळतील. खरा धर्म कोणता हे देव जाणतो. एका देवास ओळखावे आणि शुद्ध ठिकाणी शुद्ध मनाने त्याचे नाव घ्यावे, हाच खरा धर्म, असे तो एके ठिकाणी म्हणतो. पुष्कळ प्रार्थना त्याने तुर्की, फारशी व अरबी शब्दांत लिहिल्या आहेत, अक्षरे मात्र रशियन. यावरून तो शेवटी मुसलमान झाला होता की काय, असा वाद पंडितांत झाला आहे. आमचे मत असे की, जो तसा झाला तो सण चुकला म्हणून इतका रडत नाही. सहा वर्षे ज्या भाषेत माणूस भाकर मागतो त्याच भाषेत त्याची प्रार्थनाही तोंडातून निघू लागते, यात नवल ते काय?

शेवटी त्याने घरची वाट धरिली. दाभोळ बंदरी दोन मोहरा भाडे देऊन तो होर्मुझच्या गलबतात बसला. वाऱ्याने गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्यास नेले. तेथील लोकांस तांदूळ, मिरी व भाकरी देऊन जीव वाचविला. मस्कतेस त्याने प्रवासातील सहावा ईस्टर पाळिला. मग इराण ओलांडून काळ्या समुद्रावरील त्राबझोन शहरी आला, तो तेथल्या अधिकाऱ्यांनी हेर समजून त्याचे सामान उपसले. जे चांगले ते गेले. त्यांस पाहिजे होती पत्रे. वही त्यांनी ठेविली नाही. तिसरा समुद्र ओलांडून तो कफा बंदरी उतरला आणि देवाचे आभार मानिले.

पण तो त्वेरास पोहोचला नाही. स्मोलेन्स्क शहराच्या अलीकडेच वाटेत त्याचा अंत झाला. इ.स. १४७५ मध्ये काही व्यापाऱ्यांनी त्याच्या हातची वही मॉस्कोस नेऊन वासिली मामिरेव या राजाच्या चिटणिसाच्या हाती दिली, व तिची नक्कल राजाच्या बखरीत उतरून ठेवण्यात आली. पुढे साडेतीनशे वर्षे ती तशीच पडून होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करामझिन या रशियन इतिहासकारास ती एका मठात सापडली, व मग तिची छापील प्रत निघाली. चौलास लागून असलेल्या रेवदंड्यास हल्ली त्याच्या नावाचा स्मारकस्तंभ उभा आहे.