कामगारांचे कैवारी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, धम्मचक्र गतिमान करणारे म्हणून वंदन करतो. पण कारखान्याच्या चार भिंतींत राबणाऱ्या माणसासाठी त्यांनी काय केले, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत बरीच वर्षे राहिले. भोवती सगळी गिरण्यांची वस्ती. गिरणीतली हवा कशी? कापसाचे बारीक तंतू उडून नाकातोंडात जायचे. सूत तुटू नये म्हणून विणकाम खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. उकाड्यानं जीव घुसमटायचा. वर्षानुवर्षे ती धूळ छातीत गेली की खोकला जडतो, दम लागतो.

त्यातही जात होतीच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथे मज्जाव. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. खरे तर एका धोट्याला अनेकांनी तोंड लावणे हीच मुळात रोगाला आमंत्रण देणारी गोष्ट. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे तेव्हा निघाले होते. पण इथे धोटा बदलला नाही, माणूसच बाहेर ठेवला! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांना रोखठोक विचारला. शेवटी त्यांना तो संपाच्या मागण्यांत घ्यावा लागला.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. पण नुसत्या कागदांवर त्यांचा विश्वास नव्हता. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत ते स्वतः उतरले, मजुरांची घरं पाहिली. १९४४ साली कामगारांच्या परिस्थितीची देशभर पाहणी करण्यासाठी रेगे समिती नेमली गेली. १९४५ साली कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. म्हणजे त्या धुळीत, त्या उकाड्यात काढायचे सहा तास कमी झाले. पुढे राज्यघटनेच्या ४२ व्या कलमात कामाची जागा न्यायाची आणि माणुसकीची असावी, हे तत्त्व आले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्यामागे मुंबईच्या बहुतेक गिरण्याही बंद पडल्या. पण आपली मुलं-मुली आजही गाळ्यांत, गोदामांत, बंद खोल्यांत राबतात. हवा, उजेड, प्यायला पाणी ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे. घरातलं माणूस खोकत कामावरनं आलं, तर नशिबाला दोष देऊन गप्प बसू नका. त्याला डॉक्टरकडे न्या, चार जण मिळून मालकाला जाब विचारा. बाबासाहेबांना तेच खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!