कौन्सिलातील गोखले

कै. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव ठाऊक नाही असे घर आमच्या सभासदांत नसेल. न्यायमूर्ती रानड्यांचे शिष्य, गांधीजींना गुरुस्थानी असलेले पुरुष, भारत सेवक समाजाचे संस्थापक, एवढी ओळख शाळकरी मुलासही असते. गोखले आमच्या ज्ञातीचे नव्हेत. तरीही यंदा या पानांवर त्यांचे चरित्र देण्याचे आम्ही योजिले, आणि तेही एका विशिष्ट बाजूने. माणूस सभेत काय बोलला हे पुष्कळ लिहिले जाते. मत मोजण्याची वेळ आली तेव्हा तो कोणत्या बाजूस उभा राहिला, हे फारसे कोणी विचारीत नाही. आपणही आपल्या वतीने विधानसभेत माणसे पाठवितो आणि त्यांच्या भाषणांची कात्रणे जपून ठेवतो; त्यांच्या मतांचा हिशेब मात्र आपल्यापैकी किती जणांनी ठेविला असेल, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. गोखल्यांच्या बाबतीत हा हिशेब मांडता येतो. तो सर्वस्वी त्यांच्या लौकिकाला साजेसा निघतो असे मात्र नाही.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कागल संस्थानात नोकरीस होते. ते १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागलास पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरास शिकत असलेल्या धाकट्या भावास पाठवू लागले. हे आठ रुपये वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्यांची आठवण पुढे पुन्हा करावी लागणार आहे. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर गोखले पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात १९०२ पर्यंत त्यांनी अध्यापन केले. रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना आकड्यांची जी शिस्त त्यांच्या अंगी बाणली, तीच पुढे कौन्सिलात त्यांचे शस्त्र ठरली.

मुंबईच्या कायदेकौन्सिलात ते निवडून आले तेव्हा प्रांतावर छपन्नच्या दुष्काळाचे सावट होते. सारा थकल्यामुळे अनेकांच्या जमिनी सरकारजमा होण्याच्या बेतात होत्या. १९०१ साली सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले. सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्यास परत द्यावयाची, परंतु ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क त्याला ठेवावयाचा नाही, असा त्याचा मथितार्थ. सावकाराच्या तावडीतून कुणब्यास सोडवावे हा हेतू वरवर चांगलाच होता. गोखल्यांचे म्हणणे असे की, ज्या जमिनीवर कर्ज निघत नाही ती जमीन धारण करणारा मालक उरत नाही, तो सरकारचे कूळ होतो. आणि दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी बी-बियाण्यापुरतेही पैसे त्याला कोणी देणार नाही. सरकारी सभासदांच्या बहुमतापुढे या युक्तिवादाचे काही चालले नाही. तेव्हा सर फिरोजशहा मेहता सभागृहातून उठून बाहेर पडले आणि त्यांच्यामागून काही बिनसरकारी सभासदही निघाले. त्यांत गोखले होते. आयुष्यभर घटनात्मक मार्गाचा आग्रह धरणाऱ्या या मवाळ पुरुषाच्या कौन्सिलातील कारकिर्दीच्या आरंभीच हा सभात्याग आहे, याची आठवण त्यांचे टीकाकार सहसा करीत नाहीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस मेहतांच्या जागी ते वरिष्ठ कायदेकौन्सिलात गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावरील त्यांचे पहिले भाषण झाले. त्या काळी अंदाजपत्रकावर सभासदांनी फक्त बोलावयाचे होते; मत द्यावयाचे नव्हते. दरसाल एक दिवस सर्वांनी आपापली भाषणे वाचावी, अर्थमंत्र्याने उत्तर द्यावे आणि मंडळी पांगावी, असा तो समारंभ असे. गोखल्यांनी त्या समारंभाची परीक्षा करून टाकली. सरकार ज्या शिलकेचा अभिमान बाळगीत होते, ती शिल्लक देशाच्या भरभराटीतून आलेली नसून रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने चढविल्यामुळे आणि गरजेपेक्षा अधिक कर वसूल केल्यामुळे पडली आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले. या भाषणांची तयारी कशी होई हेही सांगण्यासारखे आहे. सोलापूरकडे हेडमास्तर राहिलेले गणेश व्यंकटेश जोशी हे अर्थशास्त्राचे गाढे व्यासंगी होते. आकड्यांची जुळवाजुळव आणि मुद्द्यांची छाननी यांत गोखल्यांना त्यांचे अमोल साहाय्य असे. बोलणाऱ्याचे नाव झाले, आकडे काढणाऱ्याचे फारसे झाले नाही. म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवितो.

मत नसतानाही या भाषणांचा उपयोग झालाच नाही असे म्हणता येत नाही. मिठावरील कर मणाला अडीच रुपये होता. गोखले वर्षानुवर्षे त्यावर बोलत राहिले. १९०३ साली तो दोन रुपये झाला, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया. सारे श्रेय त्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठाची गोष्ट कलकत्त्याच्या त्या सभागृहात दरवर्षी न चुकता निघे, ती काढणाऱ्यांत गोखले अग्रभागी होते.

जेथे मत द्यावयाचे होते तेथे मात्र पराभव ठरलेलाच असे. १९०४ च्या मार्च महिन्यात लॉर्ड कर्झन यांचे युनिव्हर्सिटी बिल मंजूर झाले. सिनेटात सरकारनियुक्त सभासदांची भरती करून विद्यापीठे सरकारच्या मुठीत आणणारे ते बिल होते. अध्यापनात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविलेल्या गोखल्यांनी सिलेक्ट कमिटीत आणि नंतर सभागृहात दुरुस्तीमागून दुरुस्ती मांडली. एकेक दुरुस्ती मतास टाकली जावी आणि एकेक पडावी. त्याच महिन्यात सरकारी गुपितांच्या कायद्याची व्याप्ती लष्करी बाबींवरून मुलकी कारभारापर्यंत वाढविणारे बिल आले. त्यामुळे वृत्तपत्रांची गळचेपी होईल म्हणून गोखल्यांनी त्यासही विरोध केला. १९०७ च्या नोव्हेंबरात सिमल्यास सभाबंदीचे बिल आले, तेव्हा डॉ. रासबिहारी घोष आणि नाभ्याचे टिक्कासाहेब यांच्यासह गोखल्यांनी त्याविरुद्ध मत दिले. तिघांच्या विरोधाने बिल अडणार नव्हते, हे तिघांनाही माहीत होते.

येथवरचा हिशेब सरळ आहे. आता १९१० च्या फेब्रुवारी महिन्याकडे यावयाचे.

१९०९ च्या कायद्याने कौन्सिल मोठे झाले होते. ठराव मांडण्याचा आणि त्यांवर मत मागण्याचा हक्क मिळाला होता. परंतु वरिष्ठ कौन्सिलात सरकारी बहुमत कायमच होते. तो कायदा व्हावा म्हणून गोखल्यांनी विलायतेत लॉर्ड मोर्ले यांच्याकडे किती खेपा घातल्या, हे प्रसिद्धच आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकास कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. २४ जानेवारी १९१० रोजी कलकत्त्याच्या हायकोर्टातच शम्स-उल-आलम या पोलीस अधिकाऱ्यास गोळी घालण्यात आली. त्यानंतर पंधरवड्याच्या आत सरकारने प्रेस बिल आणले आणि चार-पाच दिवसांत मंजूरही करून घेतले. छापखान्याच्या चालकाकडून जामीन घ्यावयाचा, आक्षेपार्ह मजकूर आला की तो जप्त करावयाचा, पुन्हा घडले तर छापखानाच जप्त करावयाचा. आणि हे सारे न्यायालयाच्या नव्हे तर सरकारच्या हुकमाने. हायकोर्टाकडे दाद मागण्याची तरतूद होती, आणि सरकारचे पहिले हिंदी कायदेमंत्री सत्येंद्र प्रसन्न सिन्हा यांच्या सांगण्यावरून बिल काहीसे सौम्य झाल्याचे सांगितले जात होते. गोखल्यांनी कायद्याची मुदत तीन वर्षांपुरती ठेवावी अशी दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. आणि ती फेटाळली गेल्यावरही त्यांनी बिलास पाठिंबाच दिला. पंडित मदनमोहन मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू हे दोघेच काय ते विरुद्ध राहिले.

गोखल्यांच्या पक्षाचे लोक या मताची कारणे सांगतात, ती खोटी नाहीत. नव्या सुधारणांना अजून वर्षही झाले नव्हते. हिंदी सभासदांनी पहिल्याच अधिवेशनात सरकारची साथ सोडली तर इंग्लंडातील विरोधकांना सुधारणा मोडून काढण्यास निमित्त मिळेल, अशी भीती होती. रक्तपाताविषयी गोखल्यांना मनापासून तिटकारा होता आणि तरुण मुले त्या मार्गाने जाताना पाहून ते व्यथित होते. हे सर्व मान्य करूनही आमचे मत असे आहे की, ते चुकले. १९०४ साली ज्या हाताने वृत्तपत्रांसाठी विरोधी मत दिले, त्याच हाताने सहा वर्षांनी त्याहून कडक कायद्यास मान्यता दिली, आणि तीही हरण्याची सक्ती नसताना. विरोध करून पराभूत होण्याचा मार्ग मालवीयांना मोकळा होता, तसा त्यांनाही होता. ज्या हायकोर्टाच्या भरवशावर बिल सौम्य मानले गेले, त्याच कलकत्ता हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांना १९१३ साली कायद्याची भाषा इतकी व्यापक आढळली की, दाद मागण्याच्या तरतुदीत अर्थ उरला नाही. पुढच्याच वर्षी मौलाना आझाद यांच्या 'अल्-हिलाल'चा जामीन जप्त झाला. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना असे पान गाळावे, असा सल्ला आम्हांस एका वडीलधाऱ्या सभासदांनी प्रेमाने दिला. तो मानणे आम्हांस बरे वाटले नाही.

चमत्कार असा की, त्याच महिन्यात, २५ फेब्रुवारी १९१० रोजी, गोखल्यांच्या हातून कौन्सिलातील एक मोठा विजय घडला. नाताळ वसाहतीत पाठविण्यासाठी करारबद्ध मजुरांची भरती करण्यास बंदी घालावी हा त्यांचा ठराव सरकारने स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून नाताळास मजूर पाठविणे थांबले. त्या गिरमिटाखाली माणसाची किती विटंबना होत होती, ते गांधीजींच्या पत्रांतून त्यांना कळत असे. १९१२ च्या मार्चमध्ये ही पद्धत सर्वच वसाहतींपुरती बंद करावी असा ठराव त्यांनी मांडला. हिंदी बिनसरकारी सभासद त्यांच्या बाजूस राहिले, सरकारी सभासद विरुद्ध गेले, ठराव पडला.

त्याच अधिवेशनात भूपेंद्रनाथ बसूंचे विवाहविषयक बिल चर्चेस आले होते. १८७२ च्या कायद्याने लग्न करावयाचे तर आपण अमुक धर्माचे नाही असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. ती अट काढावी, म्हणजे भिन्न जातींच्या स्त्रीपुरुषांना धर्म न नाकारता विवाह करता येईल, असा बिलाचा आशय होता. देशभर ज्ञातिसंस्थांनी आणि धर्मसभांनी त्याविरुद्ध आरडाओरड केली. गोखल्यांनी बिलास अनुकूल मत दिले; बिल पडले. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आमचा हात किंचित अडखळला हे कबूल करतो. पण आज आमच्याच सभासदांच्या घरी अशा सुना नांदत आहेत आणि त्यांच्या मुलांची नावे गुणगौरवाच्या यादीत छापताना आम्हांस आनंदच होतो. असो.

आता त्या आठ रुपयांकडे वळू. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. ते इतके सावध होते की आज वाचताना नवल वाटते. साऱ्या देशाला सक्ती नव्हती. ज्या ठिकाणी मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण आधीच ठराविक मर्यादेवर पोचले असेल, तेथेच म्युनिसिपालिटीने वा लोकल बोर्डाने सरकारच्या मंजुरीने सक्ती लागू करावी; सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांस प्रथम, मुलींस नंतर. खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा सरकारने उचलावा अशी त्यांची मागणी होती. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्याकडून फी घेऊ नये असे कलम त्यात होते. पंधरा रुपयांतील आठ रुपयांवर ज्याचे शिक्षण झाले, त्याला दहा रुपये मिळविणाऱ्याच्या घरातील मुलाचे काय होते हे पुस्तकांतून शिकावे लागले नसेल. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्ती सुरू करून १९०६ पर्यंत ती सर्व राज्यात नेली होती. तेव्हा हे अशक्य आहे असेही कोणास म्हणता येत नव्हते.

१८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस वाद चालला. पैसा नाही, शिकलेले शिक्षक नाहीत, लोकांची तयारी नाही, असे सरकारचे म्हणणे. शिक्षणपट्टी बसेल आणि शेतावरचे पोर शाळेत जाईल, ही काही जमीनदार सभासदांची धास्ती. बिल सिलेक्ट कमिटीकडे पाठवावे एवढेच मागणे होते. निकाल काय लागणार हे जाणून, त्याबद्दल तक्रार न करता, गोखल्यांनी समारोपाचे भाषण केले आणि मते मोजण्यात आली. तेरा अनुकूल, अडतीस प्रतिकूल. त्या तेरांत मालवीय होते, जीना होते. अडतिसांत मात्र सगळे गोरे नव्हते. आपलेही लोक होते. सरकारने पराभव केला याचे दुःख गोखल्यांना नवे नव्हते. हे दुःख वेगळे असले पाहिजे.

त्यानंतर फार वर्षे उरली नव्हती. १९१२ अखेर ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले, सरकारी नोकऱ्यांसंबंधीच्या कमिशनावर काम केले, मधुमेहाने शरीर पोखरले होते तरी प्रवास थांबला नाही. १९१४ साली देऊ केलेला 'सर' हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय एकोणपन्नासही पुरे नव्हते. स्मशानात त्यांच्याविषयी गौरवाने बोलणाऱ्यांत लोकमान्य टिळक होते.

मालवीयांनी १९१६ साली करारबद्ध मजुरांच्या प्रश्नावर पुन्हा ठराव आणला तो सरकारने मान्य केला आणि १९१७ साली भरती थांबली. कोल्हापुरास शाहू महाराजांनी त्याच वर्षी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. भूपेंद्रनाथ बसूंच्या बिलातील आशय १९२३ साली डॉ. हरिसिंग गौर यांच्या कायद्याने पुष्कळ अंशी आला. गोखल्यांनी ज्याला होकार दिला होता तो प्रेस कायदा १९२२ साली रद्द झाला. तोवर त्यांना जाऊन सात वर्षे झाली होती.