लोकमताचे वकील : न्या. बद्रुद्दीन तय्यबजी

वाचकहो, मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंजुमन-इ-इस्लामची भव्य इमारत आपण पाहिलीच असेल. १८७४ साली ही संस्था स्थापणाऱ्यांपैकी बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव शिक्षणप्रेमी मंडळींस सुपरिचित आहे. परंतु सामान्य नागरिकाने राज्यकारभाराची माहिती करून घ्यावी, त्यावर सभेत मुद्देसूद बोलावे आणि विरुद्ध मताच्या माणसाचेही ऐकून घ्यावे, यासाठी त्यांनी जे कष्ट घेतले त्याचे स्मरण क्वचितच होते.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत, खंबायतहून आलेल्या सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यात झाला. १८६० साली ते शिक्षणासाठी विलायतेस गेले. मध्यंतरी डोळ्यांच्या विकारामुळे परत यावे लागले. तरीही जिद्द न सोडता ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत.

त्यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात मोठमोठ्या राजकीय प्रश्नांनी झाली नाही. ती झाली रस्ते, गटारे आणि करपट्टीने! त्या वेळी मुंबई शहराचा कारभार म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या एकहाती होता. कामे झपाट्याने झाली हे खरे, पण खर्च हाताबाहेर गेला आणि कर भरणाऱ्यास कोणी विचारीना. १८७१ मध्ये करदात्यांनी चळवळ उभारली, तीत फिरोजशहा मेहतांसमवेत तरुण बद्रुद्दीनही होते. परिणामी १८७२ चा कायदा झाला. नव्या कॉर्पोरेशनच्या ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिसांनी आणि १६ सरकारने नेमावयाचे, असे ठरले. मतदार थोडे होते. गोरगरिबांस व स्त्रियांस त्यात स्थान नव्हते. तरीपण, शहराच्या पैशाचा हिशेब शहरवासीयांनी विचारावयाचा हा पायंडा येथे पडला. १८७३ मध्ये बद्रुद्दीन स्वतः निवडून आले.

१८८३ साली इल्बर्ट बिल आले. हिंदी न्यायाधीशांस युरोपियन आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार देणारे हे बिल पाहताच कलकत्त्यातील गोऱ्या मंडळींनी हिंदी लोकांवर आगपाखड सुरू केली. तशाच शिव्याशापांनी उत्तर देणे सोपे होते. पण २८ एप्रिल रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये भरलेल्या सभेत तय्यबजींनी विरोधकांचे मुद्दे एकेक करून घेतले आणि कायद्याच्या आधारे शांतपणे खोडून काढले. आमच्या शाळांतील वादविवाद स्पर्धांत आवाज चढविणाऱ्यास अजून टाळ्या पडतात. त्या मुलांना ही हकीकत जरूर सांगावी असे वाटते.

३१ जानेवारी १८८५ रोजी मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि तय्यबजी या त्रिमूर्तीने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. पारशी, हिंदू व मुसलमान असे हे तिघे एकाच मेजाभोवती बसून सरकारला पाठवावयाचे अर्ज तयार करीत. त्याच साली विलायतेत निवडणूक होती. तेथील मतदारांपुढे हिंदुस्थानची बाजू मांडण्यास मुंबईहून नारायण गणेश चंदावरकर यांना पाठविण्यात आले.

१८८७ मध्ये मद्रास येथील तिसऱ्या काँग्रेसचे अध्यक्षपद तय्यबजींकडे आले. या अधिवेशनास ६०७ प्रतिनिधी होते. काँग्रेस म्हणजे काय, हे लोकांस कळावे म्हणून तामीळ भाषेत प्रश्नोत्तररूपाने पुस्तिका काढण्यात आली होती. परंतु त्याच डिसेंबरात सर सय्यद अहमद खान यांनी लखनौ येथे काँग्रेसविरुद्ध भाषण केले. बहुमताने कारभार चालला तर अल्पसंख्याकांचा आवाज दबून जाईल, ही त्यांची भीती होती. वाचकहो, ही भीती निरर्थक होती असे म्हणून पुढे जाणे बरोबर नाही. लोकशाहीपुढील हा खरा पेच आहे. तय्यबजींनीही ती हसण्यावारी नेली नाही. त्यांनी सर सय्यदांशी पत्रव्यवहार केला. मुसलमानांनी बाहेर राहून आक्षेप घेण्याऐवजी आत यावे आणि नको त्या ठरावास तेथेच विरोध करावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याच आग्रहाने १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात असा नियम झाला की, ज्या विषयास हिंदू वा मुसलमान प्रतिनिधी एकमताने किंवा जवळजवळ एकमताने हरकत घेतील, तो विषय चर्चेस घ्यावयाचा नाही.

एवढ्याने सर सय्यदांचे समाधान झाले नाही. आपल्या समाजातील मोठा भाग दूरच राहिलेला पाहून तय्यबजी इतके व्यथित झाले की, त्यांनी त्याच वर्षी ह्यूमसाहेबांना, मुसलमान येत नसतील तर काँग्रेस निदान पाच वर्षे तहकूब ठेवावी, असे लिहिले. अध्यक्षपद भूषविलेल्या पुढाऱ्याने हे सुचवावे याचे आश्चर्य वाटेल. माझ्या मते त्यात निराशा होती, पण प्रामाणिकपणाही होता. काँग्रेसने हा सल्ला मानला नाही, आणि ते योग्यच झाले.

१८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी जामीन नाकारला गेला होता. तो तय्यबजींनी मंजूर केला. टिळकांचे आणि त्यांचे राजकारण एक नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे ते अध्यक्ष होते. पडद्याची सक्ती त्यांना मान्य नव्हती. स्वतःच्या मुलींनाही त्यांनी शिकविले आणि पुढील शिक्षणासाठी विलायतेस धाडले. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन मुक्कामी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचा देह मुंबईस आणून येथेच दफन करण्यात आला.