मथळ्याआधीचा गृहपाठ : डेव्हिड ऑगिल्वी

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून जाहिरातीचा मजकूर लिहून घेणाऱ्यांची आज नेमकी कुठे अडचण होते, याचे उत्तर संगणकयुगाआधी घडलेल्या एका जाहिरातकाराच्या कामाच्या पद्धतीत सापडते. स्वयंपाकी, फिरता विक्रेता, सर्वेक्षक आणि शेतकरी अशी वळणे घेत जाहिरातक्षेत्राच्या शिखरावर पोहोचलेल्या डेव्हिड ऑगिल्वी यांच्याविषयी...

जाहिरातीचा मजकूर मिळवणे गेल्या काही वर्षांत विलक्षण सोपे झाले आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि संगणकाला एका ओळीची सूचना दिली की काही सेकंदांत मथळा, मजकूर आणि घोषवाक्य हजर होऊ लागले. मात्र हा मजकूर पुष्कळदा साबणापासून सदनिकेपर्यंत कोणत्याही वस्तूला चिकटवता येईल इतका गुळगुळीत असतो. साहजिकच दोष यंत्राला दिला जातो. प्रत्यक्षात यंत्राला दिलेली सूचना, म्हणजेच प्रॉम्प्ट, रिकामी असते. वस्तू कोणती, ती कोणासाठी, ग्राहकाला नेमके काय सांगायचे आणि ते कोणत्या पुराव्यावर, यातले काहीच ठरलेले नसते. लेखणी उचलण्यापूर्वी हे सारे ठरवण्यात ज्यांनी आपले बहुतेक श्रम खर्च केले, त्या डेव्हिड ऑगिल्वी यांचे चरित्र म्हणूनच आज नव्याने वाचण्यासारखे आहे.

डेव्हिड मॅकेन्झी ऑगिल्वी यांचा जन्म २३ जून १९११ रोजी इंग्लंडच्या सरे परगण्यातील वेस्ट हॉर्सली या गावी झाला. वडील स्कॉटिश वळणाचे, अभिजात भाषांचे जाणकार आणि व्यवसायाने शेअर दलाल. १९२०च्या दशकातील मंदीत त्यांचा व्यवसाय कोलमडला आणि सुखवस्तू कुटुंबावर काटकसरीची वेळ आली. डेव्हिड यांचे शालेय शिक्षण सवलतीच्या शुल्कावर, पुढे एडिंबराच्या फेट्स कॉलेजात शिष्यवृत्तीवर झाले. १९२९मध्ये इतिहासाच्या अभ्यासासाठी त्यांना ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तेथे मात्र त्यांचे मन रमले नाही. १९३१मध्ये पदवी न घेताच ते बाहेर पडले. ही सल त्यांना आयुष्यभर राहिली.

भटारखान्यातून दारोदारी

ऑक्सफर्ड सोडलेला हा तरुण थेट पॅरिसच्या हॉटेल मॅजेस्टिकच्या भटारखान्यात उमेदवारी करू लागला. तेथील मुख्य आचारी पितार यांची शिस्त कडक होती. पाव सरळ फुगवता येत नाही एवढ्या कारणावरून त्यांनी एका आचाऱ्याला कामावरून काढून टाकल्याचे ऑगिल्वी यांनी पाहिले. सुमार काम खपवून घेतले की सगळ्या स्वयंपाकघराचा दर्जा घसरतो, हा धडा त्यांनी पुढे आपल्या कार्यालयातही लागू केला.

वर्षभराने ते ब्रिटनला परतले आणि स्कॉटलंडमध्ये आगा कंपनीच्या शेगड्या दारोदार जाऊन विकू लागले. नोबेल पारितोषिक मिळवलेले स्वीडिश संशोधक गुस्ताफ डालेन यांनी तयार केलेली ही शेगडी महाग आणि वजनदार होती. ती पाहताक्षणी घ्यावी अशी वस्तू नव्हती. ऑगिल्वी यांची विक्री मात्र इतकी चांगली झाली, की कंपनीने त्यांना इतर विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहायला सांगितले. १९३५मध्ये ती तयार झाली. विक्रेत्याने वस्तू कशी मांडावी आणि ग्राहकाच्या हरकतींना उत्तर कसे द्यावे, असे तिचे चढाई आणि बचाव असे दोन भाग होते. घरात शिरण्यापूर्वी त्या कुटुंबाची शक्य तितकी माहिती काढावी, घरची स्वयंपाकीण आणि घरचा यजमान यांच्याशी एकाच भाषेत बोलू नये, डॉक्टरला पटणारा मुद्दा वेगळा असतो, असा व्यवहारी तपशील तिच्यात खच्चून भरला होता. अनेक वर्षांनी फॉर्च्यून या अमेरिकी नियतकालिकाने विक्रीकलेवरील उत्तम पुस्तिकांमध्ये तिला अग्रस्थान दिले.

लंडनच्या मॅथर अँड क्राउथर या जाहिरातसंस्थेत नोकरीला असलेले थोरले बंधू फ्रान्सिस यांनी ही पुस्तिका आपल्या वरिष्ठांना दाखवली. तिच्या बळावर ऑगिल्वी यांचा जाहिरातक्षेत्रात प्रवेश झाला.

गॅलप यांची शाळा

१९३८मध्ये संस्थेचे मन वळवून ते अमेरिकेला गेले. त्यानंतर त्यांनी जनमत चाचण्यांचे प्रवर्तक जॉर्ज गॅलप यांच्या प्रिन्स्टन येथील संस्थेत काम पत्करले. हॉलीवूडच्या निर्मात्यांसाठी चित्रपटाचे नाव, कथानक आणि तारे-तारकांची लोकप्रियता यांबाबत प्रेक्षकांचा कौल आजमावणे, असे या कामाचे स्वरूप होते. ऑगिल्वी यांच्या हातून चारशेहून अधिक सर्वेक्षणे झाली. निर्मात्याला आवडलेले नाव प्रेक्षकाला आवडतेच असे नाही, हे तेथे आकड्यांनिशी दिसत असे. स्वतःच्या आवडीवर विसंबून न राहण्याची सवय त्यांना येथेच लागली. गॅलप यांचे ऋण ते शेवटपर्यंत मान्य करत राहिले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत राहून गुप्तवार्ता विभागासाठी काम केले. युद्धानंतर पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात आमिश पंथीयांच्या शेजारी शेत घेतले. काही काळ शेती केल्यावर, आपण चांगले शेतकरी होऊ शकत नाही, हे त्यांच्या लक्षात आले.

१९४८मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्वतःची जाहिरातसंस्था सुरू केली, तेव्हा त्यांचे वय सदतीस होते आणि खात्यावर सहा हजार डॉलर होते. जाहिरातलेखक म्हणून नाव घेण्यासारखे काम त्यांच्या पाठीशी नव्हते. मॅथर अँड क्राउथर आणि एस. एच. बेन्सन या दोन ब्रिटिश संस्थांनी भांडवलाचा आधार दिला. अनुभव तुटपुंजा असला, तरी ग्राहकाच्या दारात उभे राहण्याचा आणि त्याचे म्हणणे मोजण्याचा सराव त्यांच्याइतका फारच थोड्या जाहिरातलेखकांना होता.

लिहिण्यापूर्वीचे लेखन

ऑगिल्वी काम कसे करत, याचे वर्णन त्यांनी स्वतःच १९५५मध्ये लिहिलेल्या एका पत्रात सापडते. कार्यालयातील व्यत्ययांमुळे ते जाहिरातीचे लेखन घरीच करत. प्रथम ते स्पर्धक उत्पादनांच्या मागील वीस वर्षांतील जाहिराती चाळत. संशोधनाची सामग्री हाती नसली, तर त्यांचे पान हलत नसे. त्यानंतर नेमका प्रश्न काय आहे आणि या मोहिमेतून काय साधायचे आहे, हे ते कागदावर मांडत. ग्राहक-कंपनीने हे टिपण मान्य करेपर्यंत ते पुढचे पाऊल टाकत नसत. मग वस्तूविषयीची प्रत्येक माहिती आणि विक्रीचा प्रत्येक संभाव्य मुद्दा लिहून काढायचा, त्यांची संगती लावायची आणि त्यानंतरच मथळ्याकडे वळायचे, हा क्रम ठरलेला होता. प्रत्येक जाहिरातीसाठी वीसेक पर्यायी मथळे लिहून ते सहकाऱ्यांसमोर ठेवत. काही वेळा वेगवेगळे मथळे छापून कोणत्याला अधिक प्रतिसाद मिळतो, याची चाचणीही होई. पहिल्या मसुद्यावर त्यांचा भरवसा नसे. चार-पाच वेळा काटछाट झाल्यावरच मजकूर कंपनीपुढे जाई.

हा क्रम आज संगणकासमोर बसणाऱ्याने जसाच्या तसा उचलावा असा आहे. प्रश्नाची व्याख्या, उद्दिष्ट, ग्राहकाचे चित्र, पडताळलेली माहिती आणि मर्यादा यांचे ऑगिल्वी यांनी केलेले टिपण म्हणजेच जाहिरातसंस्थांच्या भाषेत ब्रीफ. यंत्राला द्यायची चांगली सूचना याहून वेगळी नसते. प्रेशर कुकरची आकर्षक जाहिरात लिहा, एवढेच सांगितले तर यंत्र विशेषणांची माळ ओवते. त्याऐवजी हा कुकर पहिल्यांदाच वेगळा संसार थाटणाऱ्या जोडप्यासाठी आहे, त्याची क्षमता तीन लिटर आहे, स्वयंपाकघर लहान असल्याने त्याला कमी जागा लागणे हा एकच मुद्दा ठसवायचा आहे, मजकूर ऐंशी शब्दांत हवा आणि इंधन-बचतीचा कोणताही दावा करू नये, असे सांगितले, की उत्तराचा पोत बदलतो. वीस मथळे मागणे तर यंत्रामुळे अगदी स्वस्त झाले आहे. त्यांतला एक निवडणे आणि उरलेले टाकून देणे, हे काम मात्र माणसाकडेच राहिले आहे.

सदरा, मोटार आणि साबण

या पद्धतीतून निघालेल्या जाहिराती प्रसिद्ध आहेत. मेन राज्यातील हॅथवे ही सदरे तयार करणारी छोटी कंपनी होती आणि तिच्याकडे पैसा बेताचा होता. छायाचित्रात गोष्ट दडलेली असेल तर वाचक थबकतो, असे संशोधन ऑगिल्वी यांच्या वाचनात आले होते. ती गोष्ट कशी आणावी, यासाठी त्यांनी अठरा कल्पना काढल्या. छायाचित्र काढायला जाताना वाटेत घेतलेली, डोळ्यावर बांधायची काळी पट्टी त्यांतली एक. सदरा घातलेल्या रुबाबदार पुरुषाच्या एका डोळ्यावर ती पट्टी आली आणि सप्टेंबर १९५१मध्ये न्यूयॉर्करमध्ये ही जाहिरात झळकल्यावर हॅथवेचे नाव देशभर झाले.

रोल्स-रॉइसचे काम आले तेव्हा ऑगिल्वी यांनी तीन आठवडे केवळ त्या मोटारीविषयी वाचण्यात घालवले. या वाचनात एका ब्रिटिश मोटार नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाचे निरीक्षण त्यांना सापडले. ताशी साठ मैलांच्या वेगातही गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेवर चालणाऱ्या घड्याळाचा, असे ते होते. त्यांनी लिहिलेल्या सव्वीस मथळ्यांतून सहकाऱ्यांनी हाच निवडला. १९५८मधील या जाहिरातीत शांत, आलिशान, अप्रतिम असली विशेषणे उधळण्याची गरजच पडली नाही. एका खऱ्या तपशिलाने ते काम केले.

लिव्हर ब्रदर्सचा डव्ह साबण १९५७मध्ये बाजारात आला. मळलेल्या हातांच्या पुरुषांसाठीचा साबण म्हणून तो विकता आला असता. ऑगिल्वी यांनी तो कोरड्या त्वचेच्या स्त्रियांसाठी असल्याचे ठरवले आणि त्यात पाव हिस्सा क्लीन्झिंग क्रीम असल्याचा मुद्दा पुढे केला. वस्तू तीच, पण ती कोणासाठी हे ठरताच साऱ्या मजकुराची दिशा ठरली.

या तिन्ही उदाहरणांतील माहिती खरी आणि तपासता येण्याजोगी होती. आजच्या यंत्रांबाबत नेमका येथेच धोका आहे. माहिती दिली नाही तर ती स्वतःच रचून, मोठ्या आत्मविश्वासाने दावे लिहून देतात. भारतात २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातींसाठी दंडाची तरतूद केली आहे आणि दावा यंत्राने लिहिला होता, एवढे सांगून उत्पादकाची जबाबदारी संपत नाही. ग्राहकाला मूर्ख समजू नये, आपल्या घरच्या माणसाला सांगता येणार नाही ते त्याला सांगू नये, हा ऑगिल्वी यांचा आग्रह होता. तो नीतीइतकाच व्यवहाराचाही होता, कारण फसलेला ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही.

नियम आणि अपवाद

१९६३मध्ये कन्फेशन्स ऑफ अॅन अॅडव्हर्टायझिंग मॅन हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि जगभर खपले. त्यातील नियमांच्या याद्यांमुळे त्यांच्यावर टीकाही झाली. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये बिल बर्नबाक यांच्यासारखे जाहिरातकार असे नियम धुडकावून अव्वल काम करत होते. नियम पाळून वाईट जाहिरातही लिहिता येते, हा आक्षेप रास्तच होता. ऑगिल्वी स्वतः मात्र नियमांना चिकटून बसणारे नव्हते. विनोदाने माल खपत नाही, असे त्यांचे जुने मत होते. नवे संशोधन उलट सांगू लागले, तेव्हा १९८३मधील ऑगिल्वी ऑन अॅडव्हर्टायझिंग या पुस्तकात त्यांनी ते बदलले. सूचनांचे ठरीव साचे विकत घेऊन त्यांत वस्तूचे नाव भरणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवायला हवी.

१९७३मध्ये ते निवृत्त होऊन फ्रान्समधील तूफू या जुन्या गढीत राहायला गेले. तेथूनही जगभरच्या कार्यालयांना त्यांची पत्रे जातच राहिली. जवळच्या बॉन गावातील टपालाचा व्याप त्यामुळे इतका वाढला, की तेथील टपाल कार्यालयाचा दर्जा उंचावला आणि पोस्टमास्तरांचा पगारही वाढला. १९८०च्या दशकात निवृत्ती बाजूला ठेवून ते काही काळ भारतातील ऑगिल्वी, बेन्सन अँड मॅथर या संस्थेचे अध्यक्ष होते. १९८२मध्ये याच संस्थेत दाखल झालेले पीयूष पांडे आणि मुंबईच्या कार्यालयातील त्यांचे सहकारी यांनी पुढे फेव्हिकॉल आणि कॅडबरीच्या जाहिराती घराघरांत नेल्या. ऑगिल्वी यांच्या इंग्रजी वळणाशी त्यांचे वरवर काही साम्य नाही. पण त्या कोणाशी आणि कशाविषयी बोलत आहेत, याबद्दल पाहणाऱ्याला कधी शंका येत नाही.

१९८९मध्ये डब्ल्यूपीपी समूहाने ८६ कोटी ४० लाख डॉलरना त्यांची संस्था विकत घेतली. या व्यवहाराला कडाडून विरोध करणारे ऑगिल्वी पुढे त्याच समूहाचे तीन वर्षे बिगर-कार्यकारी अध्यक्ष होते. २१ जुलै १९९९ रोजी तूफू येथे वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वाक्ये जुळवणारे यंत्र पाहायला ते राहिले नाहीत. मात्र त्यांच्या कामाचा फार थोडा भाग वाक्ये जुळवण्याचा होता. तीन आठवडे वाचन, मान्य करून घेतलेले एक टिपण, सव्वीस मथळे आणि चार-पाच वेळची काटछाट हा उरलेला भाग होता. आज जाहिरातसंस्थेत उमेदवारी करणाऱ्या तरुणांना आपले काम यंत्र हिरावून घेईल, अशी धास्ती वाटते आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. केवळ वाक्ये पुरवणाऱ्याची गरज कमी होत जाणार, हे उघड आहे. ग्राहकाच्या दारापर्यंत जाऊन आलेल्या आणि यंत्राला काय सांगायचे हे ठाऊक असलेल्या माणसाला मात्र काम राहील.